लॅक्स्टनचे उघडे शिवार

नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन हे एक लहानसे पॅरिश आहे. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या आणि त्याच्या धर्मगुरूच्या कक्षेत येणारे गाव व शिवार, ज्याला १८९४ च्या कायद्याने स्थानिक कारभाराचे स्वतंत्र स्थानही मिळाले. येथे नॉर्मन काळातील किल्ल्याची मातीची टेकडी आहे, जुने चर्चही आहे. परंतु अशी गावे इंग्लंडमध्ये पुष्कळ असून लॅक्स्टनचे खरे मोल त्याच्या उघड्या शिवारात आहे. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या हजारो कायद्यांनी सामाईक जमिनी कुंपणाआड खाजगी झाल्या, तेव्हा येथील तीन मोठी शेते, म्हणजे वेस्ट, मिल आणि साऊथ फील्ड, आक्रसली तरी टिकली. त्यांत प्रत्येक शेतकऱ्याच्या जमिनीच्या पट्ट्या विखुरलेल्या असतात आणि परंपरेने एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातील पीक, तर तिसरे पडीक, असा फेरपालट चालतो. मार्क पिअर्सने १६३५ मध्ये काढलेल्या नकाशात या पट्ट्या एकेक करून दाखवल्या असून त्यांच्यामध्ये नांगरणी आणि कापणी करणारी चिमुकली माणसेही रेखाटली आहेत.

हे शिवार टिकले, याचे श्रेय काही अभ्यासक जमीनदारांतील मतभेदांना देतात, आणि ते खोटे नाही. मात्र तेवढ्याने उलगडा होत नाही. सामाईक मालमत्ता ओरबाडली जाणारच, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले, पण येथे नियम मोडणाऱ्यावर नजर ठेवणारे त्याच मातीत राबणारे शेजारीच आहेत. नोव्हेंबरच्या अखेरीस पंच, म्हणजे ज्यूरीचे शेतकरी, गव्हाचे शेत पायी फिरून पाहतात, पट्ट्यांच्या हद्दीवर खुंट्या ठोकतात आणि शेजारच्या सामाईक गवताच्या पट्ट्यात, ज्याला तेथे साईक म्हणतात, कोणी नांगर घातला असेल तर त्याची नोंद करतात. त्यानंतर भरणारी कोर्ट लीट, म्हणजे जहागिरीची जुनी न्यायसभा, दंड ठरवते आणि पुढील वर्षाचे पंच नेमते. गावाची मालकी १९५२ मध्ये सरकारकडे, १९८१ मध्ये क्राऊन इस्टेटकडे आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटकडे गेली, तरी ही फेरी थांबली नाही. अशा बहुतेक जुन्या न्यायसभांचे अधिकार १९७७ च्या कायद्याने काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनच्या कोर्ट लीटला त्यातून स्पष्ट शब्दांत वगळण्यात आले.