पावसावर फोडलेलं खापर

जुलै उजाडला की कल्याणच्या पुढच्या पट्ट्यात एक शब्दप्रयोग हमखास उगवतो : ‘ढगफुटीसदृश पाऊस’. हवामान खात्याच्या लेखी ढगफुटी म्हणजे वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत एका तासात 100 मिलिमीटर पाऊस. तेवढं माप भरलं नाही तरी ‘सदृश’ लावलं की काम भागतं. रस्ता खचला, तळमजले बुडाले, गाडी अडकली. कारण, ढगफुटीसदृश पाऊस. वाक्यही पुरं झालं आणि चौकशीही. हे वाक्य खोटं नसतं, हीच त्याची खुबी.

26 जुलै 2019च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ पुराच्या पाण्यात थांबली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि आसपासच्या गावकऱ्यांनी मिळून हजारावर प्रवाशांना बाहेर काढलं. सुटकेचं कौतुक झालं, ते रास्तच होतं. पण हे घडलं कशामुळे असं विचारलं तर आजही उत्तर एकच मिळतं : पाऊस पडला, उल्हास नदीला पूर आला. पाणी चढत असताना गाडी तिथवर गेली कशी, तिथल्या मोऱ्या किती पाणी वाहून नेतील असा हिशेब कधी आणि कोणत्या पावसावर बेतला होता, नदीला पसरायला काठावर जागा किती उरली होती, हे प्रश्न कारणांच्या पंगतीत बसतच नाहीत.

आता याच नदीचं मे महिन्यातलं पाणी घ्या. मावळातल्या ठोकरवाडी धरणाचं पाणी भिवपुरीच्या वीजगृहातून खाली उल्हासमध्ये येतं, आणि बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या नळांना उन्हाळ्यात त्याचा आधार असतो. तेही मुळात पावसाचंच पाणी. पण तिथे आपण पावसाला श्रेय देत नाही. टाटांची 1922ची योजना म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो. म्हणजे नदीने दिलं ते माणसाच्या खात्यावर, नदीने नेलं ते आभाळाच्या.

कारण कोणाच्या खात्यावर मांडायचं, हा प्रश्न जुना आहे. कार्यकारणभावाचा इतिहास आपल्याला सहसा उलट्या टोकाने शिकवला जातो. आधी माणूस प्रत्येक गोष्टीमागे कर्ता शोधायचा, देव किंवा भूत. मग विज्ञान आलं आणि कर्ता जाऊन नियम उरला. मला हे अर्धंच खरं वाटतं. ग्रीकांकडे ‘आयतिया’ हा शब्द कारणाला होता तसाच आरोपालाही होता. कारण विचारणं म्हणजे कोणाला तरी उत्तर द्यायला उभं करणं. अ‍ॅरिस्टॉटलची चार कारणं प्रसिद्ध आहेत, त्यांत अडकून पडण्याचं कारण नाही. आपले नैयायिकही घडा आणि कुंभाराच्या उदाहरणाने तीन कारणं सांगतात. त्यांची खरी कमाई मला दुसरीकडे दिसते. काय वगळायचं, हे त्यांनी ठरवलं. माती वाहून आणणारं गाढव आणि कुंभाराचा बाप घड्याच्या आधी हजर असतात, तरी ते कारण नव्हेत, ते ‘अन्यथासिद्ध’. आणि ईश्वर, काळ, दिशा, अदृष्ट ही साधारण कारणं, म्हणजे जगातल्या प्रत्येक कार्याला सारखीच लागू. जे सगळ्यालाच लागू आहे ते सांगून या घड्याबद्दल काहीच कळत नाही. हल्ली सरकारी पत्रकांत हवामानबदल नेमका या अदृष्टाच्या जागी बसवला जातो. हवामानबदल खराच आहे, म्हणून तर तो इतका सोयीचा.

ग्रीक आणि भारतीय यांची याच विषयावर गाठही पडली होती. उल्हासकाठचं कल्याण ग्रीक खलाशांच्या पेरिप्लसमध्ये ‘कल्लिएना’ म्हणून येतं. बोरघाट चढून गेलं की कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या काही खांबांवर ते दान देणाऱ्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नोंद आहे. आणि पाली ‘मिलिंदपञ्ह’मध्ये यवन राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, भिक्खू नागसेनाला कारण आणि फळ यांच्याबद्दल खोदून खोदून विचारतो. पुनर्जन्माच्या चर्चेत नागसेन एक दाखला देतो. थंडीत शेकायला कोणी शेकोटी पेटवतो, न विझवता निघून जातो आणि ती दुसऱ्याचं शेत जाळते. पकडल्यावर तो म्हणतो, मी पेटवली ती आग वेगळी, शेत जाळणारी वेगळी. राजा, हा माणूस सुटेल का? मिलिंद म्हणतो, नाही. नंतरची आग आधीच्या आगीतूनच आली. हा दाखला मी पुनर्जन्मासाठी वाचत नाही. साखळी लांब झाली म्हणून पहिल्या कडीवरची जबाबदारी पुसली जात नाही, असं एक राजा स्वतःच्या तोंडाने कबूल करतो, म्हणून वाचतो.

मधली शतकं ओलांडू. 1843मध्ये जॉन स्टुअर्ट मिलने म्हटलं की खरं कारण म्हणजे सगळ्या अटींची बेरीज. त्यातली एकच उचलून तिला कारण म्हणणं ही आपली मर्जी. आगरकरांच्या पिढीने मिल मन लावून वाचला. पण मर्जी नेमकी कोणाची चालते, हा प्रश्न मिलने नव्हे, जोतीराव फुल्यांनी विचारला. आणि इथेच, माझ्या मते, बहुतेक वाचक घसरतात.

‘शेतकऱ्याचा असूड’ 1883चा. त्याच्या आरंभी विद्येच्या अभावापासून शूद्रांच्या खचण्यापर्यंत कडीला कडी जोडत जाणारी ओळ प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असते. तिचा अर्थ काय सांगितला जातो? शिका, म्हणजे सुधाराल. हळूच त्याचा उलटा अर्थही आत शिरतो : सुधारला नाहीत, म्हणजे शिकला नाहीत, दोष तुमचाच. काही विद्वान ही साखळी बुद्धाच्या अविद्येपासून सुरू होणाऱ्या बारा निदानांशेजारी ठेवतात. शब्द एकच आहे, पण बौद्ध विचारातली अविद्या माणसाच्या आतली. फुल्यांची अविद्या बाहेरून लादलेली आहे. ती साखळीची सुरुवात नाहीच, ती स्वतःच एक कार्य आहे. ग्रंथ पुढे वाचला की कळतं. एका बाजूला विद्या धर्माच्या नावाने बंद ठेवणारे, दुसऱ्या बाजूला रयतेच्या घामाचा महसूल घेऊन वरच्या वर्गाच्या शिक्षणावर उधळणारं सरकार. हेच गाऱ्हाणं त्यांनी आधल्या वर्षी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे मांडलं होतं.

काळ आठवा. 1875मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या, 1876 ते 78चा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. तेव्हाचं सोयीचं उत्तर होतं, पाऊस पडला नाही. फुले त्या उत्तरापाशी थांबत नाहीत. डोंगरावरचा पालापाचोळा आणि शेणखत पावसाबरोबर शेतात उतरायचं. जंगलखात्याने डोंगर बंद केले, गुरांची चराई गेली, जमीन निकस झाली. त्यात सारा, पाणीपट्टी, कुलकर्ण्याचे कागद. पाऊस त्यांच्या विवेचनात आहेच, पण पावसाचं पाणी कुठे अडलं आणि कोणी अडवू दिलं नाही, यासकट आहे. म्हणून शेवटच्या प्रकरणात ते नुसती शाळा मागत नाहीत. पाणी मुरेल असे ताली-बंधारे घाला, आणि रिकाम्या बसलेल्या पलटणी व पोलीस त्या कामाला लावा, असंही मागतात.

‘दीनबंधू’ या वृत्तपत्राने या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणं छापली, पुढची छापली नाहीत. संपादक लोखंडे फुल्यांचेच सहकारी. तरी हात आखडला. पुढे समाजानेही तेच केलं. आरंभीची ओळ ठेवली, शेवटचा हिशेब ठेवला नाही. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये गेल्या जन्मीच्या कर्माने आजचं दारिद्र्य सिद्ध करण्याला जो कडक नकार आहे, तो मला फुल्यांच्या त्या न वाचलेल्या पानांचाच पुढचा भाग वाटतो. औरंगाबादच्या आपल्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी नाव दिलं तेही प्रश्न विचारणाऱ्या राजाचं, मिलिंदाचं.

बदलापुरात पूर ओसरला की एक वाक्य ऐकू येतं : नदीकाठी घर घेतलंच कशाला? हे भिंतीवरच्या फुल्यांचं वाक्य आहे, पुस्तकातल्या नव्हे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा जलसंपदा विभाग नकाशावर आखतो. मुंबईत जागा परवडत नाही म्हणून इथवर आलेल्या माणसाला फ्लॅटच्या जाहिरातीत स्टेशनपासूनचं अंतर दिसतं, ती रेषा दिसत नाही. त्याचं अज्ञान हे पुराचं कारण मानायचं, तर ते अज्ञान कोणाच्या फायद्याचं होतं हेही लिहायला लागेल.

प्रत्येक पुरामागे गुन्हेगार असतोच असा माझा हट्ट नाही. 26 जुलै 2005ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला; तो कुठल्याच गटाराला झेपला नसता. तरीही त्या पुराची चौकशी करणाऱ्या माधवराव चितळे यांच्या समितीने आभाळाकडे बोट दाखवून काम संपवलं नाही. शहराची जुनी गटारं तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, मिठी नदीचं पात्र भराव आणि बांधकामांनी आवळलेलं होतं, हे तिने पावसाच्या आकड्याशेजारी मांडलं. उल्हासच्या पुराचा असा जमाखर्च मांडायचा तर पाऊस त्यातली एक नोंद असेल, आणि रुळाखालच्या मोऱ्या, काठावरचे भराव, बांधकामाच्या परवानग्या आणि गाडी पुढे सोडण्याचा हुकूम या नोंदींपुढे खातं आणि हुद्दा लिहावा लागेल.