तेल सुटेपर्यंत

प्रवासात डोळे फार राबतात आणि हात रिकामे राहतात. ग्वातेमालातल्या अँटिग्वा गावात हे जास्तच जाणवतं. दगडी रस्ते, १७७३च्या भूकंपात ढासळलेली चर्च, मान वर केली की धूर सोडणारा फुएगो ज्वालामुखी. पाहणं संपत नाही. म्हणूनच तिथे चॉकलेट करायला शिकवणाऱ्या वर्गात बसावं, असं मी आग्रहाने सांगेन.

शिकवणाऱ्या बाई आधी कोकोची न भाजलेली बी चाखायला देतात. तुरट, कडू, जराशी आंबट. चॉकलेटचा मागमूस नाही.

बिया खापरी तव्यावर भाजायच्या, तडतडल्या की उतरवायच्या. ऊन असतानाच टरफल सोलायचं, फोलपटं फुंकरीने उडवायची. मग मेताते: तीन पायांचा उतरता दगड, खालून निखाऱ्यांची ऊब, समोर गुडघे टेकून बसायचं. पाट्या-वरवंट्याची सवय असलेल्या हाताला तो लगेच कळतो. फक्त इथे पाण्याचा थेंब चालत नाही. आधी भरड होते, ती दगडाला चिकटते, मग काळपट गोळा होतो. दंड भरून येतात. आता यापुढे काही होणार नाही असं वाटतं, आणि तेव्हाच तेल सुटतं. बीचं निम्म्याहून अधिक वजन चरबीचं; ऊब आणि घासणं मिळालं की ती वितळते. गोळा चकाकतो, सैल पडतो, उताराने ओघळू लागतो. वरून काहीही घातलेलं नसतं.

कष्टाला फळ येण्याआधी एक टप्पा असा येतो, की तिथे कष्ट वाया गेल्यासारखेच दिसतात.

पण चरबी बीत होती, चव नव्हती. चव शेतावर घडते. फळ फोडून पांढऱ्या गरासकट बिया पाच-सहा दिवस झाकून ठेवतात. गर आंबतो, ढीग पंचेचाळीस-पन्नास अंशांपर्यंत तापतो, आणि त्या उष्णतेत, त्या आम्लात बीमधला अंकुर मरतो. मग पेशी फुटतात, आतले रस एकमेकांत मिसळतात. भाजताना दरवळणाऱ्या वासाची तयारी तिथे झालेली असते. न आंबवलेली बी कितीही भाजली तरी तो वास येत नाही.

रुजणं सोडल्याशिवाय बी चवीला येत नाही.

हे काम वर्गात नसतं. अँटिग्वा दीड हजार मीटर उंचीवर, आणि कोकोला गारवा सोसत नाही. त्याची झाडं खाली, पॅसिफिकच्या बाजूला, सुचितेपेकेसच्या दमट सावलीत. फळं थेट खोडाला लगडतात. तोडणाऱ्याने देठ जपून कापावा लागतो, कारण खोडावरची फुलं येण्याची जागा दुखावली तर तिथे पुन्हा फूल धरत नाही. एका घावात पुढच्या हंगामाचाही विचार असतो.

वर्गात वाटलेल्या कोकोचं पेय करतात: गरम पाणी, तिखट मिरची, आणि एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतून आणलेला फेस. असं ओतणारी बाई एका जुन्या माया भांड्यावर रंगवलेली आहे. या देशाच्या उत्तरेला रिओ अझुल इथल्या थडग्यात १९८४ साली मडकं सापडलं, फिरवून बसवायच्या झाकणाचं, सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीचं. त्यावर कोकोची अक्षरं होती आणि आत चिकटलेल्या अवशेषांतही कोकोच निघाला. चॉकलेटची वडी त्यामानाने कालची: १८४७, इंग्लंडमधली फ्राय कंपनी.

शेवटी आपणही साच्यात वड्या ओततो. ते चॉकलेट आपण वाटलेलं नसतं. इतकं मऊ व्हायला यंत्रात ते तासन्‌तास घोटावं लागतं, म्हणून तयार आणून ठेवलेलं असतं. बाई हे सरळ सांगतात, आणि मला ते फार आवडलं. ‘मी चॉकलेट केलं’ असं म्हणायला जीभ धजावत नाही. केला तो मधला एक तुकडा आणि शेवटचा एक.

तेवढ्यासाठीच हा वर्ग मोलाचा आहे. कामाचा एक तुकडा आपल्या हातून गेला, की बाकीचे कुणाच्या हातून गेले हे विचारावंसं वाटतं. नुसतं वेष्टन फाडणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही.

मला तिथे आणखी एक गोष्ट हवी होती: आंबत असलेल्या बियांची पेटी. आत हात घालावा, ऊब लागावी, शिरक्याचा वास नाकात जावा. पाहुण्यांना तो रुचणार नाही म्हणून टाळत असतील, तर ते बरोबर नाही. सुचितेपेकेस काही तासांच्या रस्त्यावर आहे. पेटी येऊ शकते, तिच्यासोबत ती राखणारा शेतकरीही येऊ शकतो. पहिला तास त्याने शिकवावा, आणि त्या तासाचे पैसे त्याच्या हातात पडावेत.