संशयाची अनामत

मतदान केंद्रावर एखाद्याच्या ओळखीला हरकत घ्यायची, तर उमेदवाराच्या प्रतिनिधीला आधी केंद्राध्यक्षाकडे 2 रुपये रोख भरावे लागतात. हरकत खोडसाळ ठरली, तर पैसे जप्त. 1961 च्या निवडणूक नियमांतली ही रक्कम आज हसू आणेल, पण तिच्यामागचे तत्त्व पक्के आहे: संशयाची किंमत संशय घेणाऱ्याने मोजावी.

भिवंडीसारख्या गावात या तत्त्वाचा खरा कस लागतो. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेली माणसे इथे यंत्रमाग चालवतात, भाड्याच्या खोल्या बदलतात. एकाच माणसाचे नाव एका कागदावर ‘मोहम्मद’, तर दुसऱ्यावर ‘मुहम्मद’ असते. नियम मात्र वाटतो तेवढा ताठर नाही. मतदार यादीतल्या किरकोळ लेखनचुकांकडे दुर्लक्ष करावे, असे तोच सांगतो. मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांच्या काळात, 1993 पासून आलेले मतदार ओळखपत्र जवळ नसेल, तर आधार, पॅन, फोटो असलेले बँकेचे पासबुक असा ठरवून दिलेला दुसरा पुरावा चालतो. नुसती मतदार चिठ्ठी मात्र 2019 पासून चालत नाही. बुरख्यातल्या बाईची ओळख आडोशाला महिला कर्मचाऱ्याने पटवावी, अशीही सोय आहे.

मग घोडे अडते कुठे? यादीत. ओळखपत्र माणूस कोण ते सांगते, मताचा हक्क यादी देते. नाव नसेल, तर खिशातले सगळे कागद काढून ठेवले तरी बोटाला शाई लागत नाही. आणि यादीतून दुसऱ्याचे नाव काढण्यासाठी नमुना 7 भरायला अनामत लागत नाही. खोटे निवेदन हा गुन्हा आहे खरा, पण तो सिद्ध होईपर्यंत मतदानाचा दिवस उलटून गेलेला असतो. सुनावणीची नोटीस जुन्या खोलीवर जाते आणि माणूस दोन गल्ल्या पलीकडे रात्रपाळीत असतो.

म्हणजे दारावर संशयाला किंमत आहे, यादीत तो जवळपास फुकट आहे. बोगस मतदान रोखायलाच हवे. पण नाव काढा म्हणणाऱ्याने पुरावा द्यावा, आणि नोटीस हातात पडल्याशिवाय नावावर काट मारू नये.

तोवर शहाणपण एकच: खोली बदललीत, तर नमुना 8 भरा आणि यादीत आपले नाव आजच पाहून घ्या. मतदानाच्या सकाळी ते शोधून उपयोग नाही.