विशेषणांआड गेलेले आजोबा

ख्रिस्ती मंडळीतला एखादा म्हातारा फौजी प्रभूकडे गेला की काही दिवसांनी चर्चमध्ये त्याच्या आठवणीची उपासना होते. पाळक बोलतात, थोरला मुलगा बोलतो, फौजेतला एखादा जुना साथीदार चार वाक्यं बोलून गप्प बसतो आणि शेवटी नात कागदावरून वाचते. आजोबा कुटुंबवत्सल होते, शिस्तप्रिय होते, देवभीरू होते. जळगाव असो की धुळे, विशेषणं हीच. त्यात खोटं काही नसतं. पण नाव बदललं तर तेच भाषण पुढच्या अंत्यविधीलाही चालेल. मग आठवण नक्की कोणाची काढली?

अशा आजोबांच्या बाबतीत हे मला जास्त खटकतं, कारण विचारण्यासारखं त्यांच्यापाशी पुष्कळ असतं. फौजी म्हटलं की लोकांना सातारा आणि कोल्हापूर आठवतं, खानदेश नाही. वास्तविक 1825 साली जेम्स औट्रमने भिल्ल कोअर उभी केली ती आपल्या धरणगावात. कंपनी सरकारला ज्यांनी जेरीस आणलं, त्याच भिल्लांच्या अंगावर सरकारी गणवेश चढला. (यात सरकारचा धूर्तपणा किती आणि शिपायाची गरज किती, हा वेगळ्या लेखाचा विषय.) चर्चचंही तसंच. धुळे, नंदुरबार, नवापूरकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचं काम रुजलं, चिंचपाड्याचा दवाखाना त्यातूनच उभा राहिला. तरी 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती एक टक्काही भरत नाहीत. म्हणजे खानदेशातला ख्रिस्ती फौजी हा थोड्यांतला थोडा.

हा माणूस पलटणीत असताना रविवारी काय करत होता?

फौजेत ‘मंदिर परेड’ नावाची गोष्ट असते. पलटणीतल्या बहुसंख्य जवानांचा जो धर्म, त्याच्या प्रार्थनास्थळी सगळी तुकडी एकत्र जाते. जिथे अनेक धर्मांचे जवान असतात तिथे एकाच छपराखाली ‘सर्वधर्म स्थळ’ असतं. मराठा लाइट इन्फंट्रीची रणघोषणा छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची, महार रेजिमेंटची ‘बोलो हिंदुस्तान की जय’. गावी असता तर या जवानाने रविवारी सकाळी ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक उघडून गीत म्हटलं असतं. इथे तो बूट काढून आरतीला उभा राहिला. मनात काय म्हणत होता? की काहीच म्हणत नव्हता, परेड ती परेड?

हा प्रश्न अगदी अलीकडे कोर्टात गेला. एक ख्रिस्ती अधिकारी रेजिमेंटसोबत मंदिर-गुरुद्वाऱ्यापर्यंत जायचा, पण गर्भगृहात जाऊन पूजेत भाग घ्यायला त्याने नकार दिला. 2021 साली त्याला सेवेतून काढलं. 30 मे 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती कारवाई योग्य ठरवली आणि नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही त्याला दिलासा दिला नाही. दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिलं गेलं. एका बाजूला शिस्त आणि जवानांचं मनोबल, दुसऱ्या बाजूला सदसद्विवेक. हा वाद फुटकळ नाही आणि दोन ओळींत मिटणाराही नाही. मला त्या गदारोळात आठवले ते आपल्याकडचे पेन्शनीत आलेले ख्रिस्ती हवालदार आणि सुभेदार. वर्षानुवर्षं या प्रसंगातून ते गेले असणार. कोणी आत गेला असेल, कोणी दाराशी थांबला असेल, कोणाच्या साहेबाने समजून घेतलं असेल. त्यांना मात्र कोणी विचारलं नाही, आणि घरच्यांनीही नाही. आजोबांना मेडल मिळालं हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. आजोबांनी दोन निष्ठा एका आयुष्यात कशा नांदवल्या, हे कोणालाच ठाऊक नसतं.

आपण विचारत नाही याचं एक कारण आदर आहे. देवभीरू माणसाला शंका आली असेल, शिस्तीचा माणूस कधी घाबरला असेल, हे आपल्याला ऐकायचंच नसतं. लक्ष्मीबाई टिळकांनी असला आदर बाळगला नाही. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, संसार मोडल्यासारखा झाला, 1900 साली लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या. पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना त्यांनी नवऱ्याचा संताप झाकला नाही, आणि घरात पैसा न टिकू देणारा हातही झाकला नाही. आपल्या धरणगावचे बालकवी ठोंबरे ज्या घरात मुलासारखे राहिले, ते घर त्या पुस्तकात भांडणांसकट उभं आहे. त्यामुळे टिळकांची भक्ती कुठे कमी वाटते? उलट खरी वाटते. विशेषणांनी तेवढं साधलं नसतं.

घरात कागदपत्रं असतात, नाही असं नाही. डिस्चार्ज बुकात भरतीची आणि निवृत्तीची तारीख असते, चर्चच्या नोंदवहीत बाप्तिस्मा आणि लग्न. पेटीतली मेडलंही बोलतात, फक्त वाचता आली पाहिजेत. ‘समर सेवा स्टार’ असेल तर आजोबा 1965 च्या लढाईत होते. ‘पूर्वी स्टार’ असेल तर 1971 ला ते बांगलादेशच्या बाजूला होते, ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पाकिस्तानच्या सीमेवर. पण कागद आणि धातू माणूस कुठे होता तेवढं सांगतात. डिसेंबर 1971 च्या नाताळात, युद्ध थांबून आठवडा उलटलेला असताना, त्याने प्रार्थना केली का आणि कोणासाठी केली, ते तोच सांगू शकतो. त्या युद्धात विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीत किंवा त्यापुढे आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरी असे आजोबा असतील तर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी तुम्ही त्यांना बँकेत नेताच. रांगेत वेळ जातो. तेव्हा लढाईचं विचारू नका, ते ठरलेलं सांगतील. मंदिर परेडला उभं राहिल्यावर काय वाटायचं ते विचारा, सुट्टी न मिळालेला नाताळ कोणासोबत काढला ते विचारा. रागावले तर रागावू द्या. आणि जे सांगतील ते त्याच दिवशी, अहिराणीत सांगितलं तर अहिराणीतच, लिहून ठेवा.