आखूड दांडा आणि जवळची वाट

ईश्वराकडे जाण्यास जवळची वाट आहे काय, हा प्रश्न आपल्या धर्मविचाराइतकाच जुना आहे; आणि आयुष्य अपुरे व साधन दीर्घ अशी जाणीव ज्या ज्या काळी माणसाला तीव्रतेने झाली, त्या त्या काळी तो नव्याने विचारला गेला आहे. वराहोपनिषदात शुक आणि वामदेव यांच्या नावांनी दोन मार्ग सांगितले आहेत : शुकाचा तो विहंगममार्ग आणि वामदेवाचा तो पिपीलिकामार्ग. झाडाच्या शेंड्यावरील फळ मुंगीलाही मिळते आणि पक्ष्यालाही. पण मुंगी बुंध्यापासून निघते, सालीच्या भेगाभेगांतून, फांदीफांदीने, चुकत-सावरत वर चढते, आणि पक्षी एका झेपेत फळापाशी जाऊन बसतो. पहिलीच्या वाटेला क्रममुक्ती म्हणतात, दुसऱ्याच्या वाटेला सद्योमुक्ती. दोन्ही वाटा देवनिर्मितच आहेत असा निर्वाळा ते उपनिषद देते, तरी वाचणाऱ्याचे मन स्वभावतःच पक्ष्याच्या बाजूने कौल देते. माझेही मन वर्षानुवर्षे तोच कौल देत आले होते. त्या कौलामागचा जमाखर्च मला प्रथम नीट तपासता आला तो मिशिगनमध्ये, माझ्या भाच्याच्या गॅरेजात, एका जुन्या मोटारीचा गिअरचा दांडा आम्ही दोघे मिळून बदलत होतो तेव्हा.

ही मोटार म्हणजे माझ्दा कंपनीची मियाटा. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार-प्रदर्शनात ती प्रथम जगापुढे आली. दोनच आसनांची, उघड्या टपाची, इंजिन पुढे आणि चाल मागच्या चाकांना, अशी जुन्या वळणाची तिची रचना. हिरोशिमाच्या त्या कारखानदारांनी ‘जिंबा इत्ताई’ हे वचन तिच्यासाठी ध्येय म्हणून पुढे ठेवले होते. घोडा आणि स्वार यांचे एक होणे, असा त्याचा आशय. तिची गिअरपेटी चालकाच्या मांडीलगतच येत असल्यामुळे, इतर पुष्कळ मोटारींत दांडा व पेटी यांच्यामध्ये ज्या सळया किंवा केबली असतात त्यांची तिला गरजच पडत नाही. दांड्याचे खालचे टोक थेट पेटीच्या पोटात उतरते. भाच्याने ही गाडी जुनी विकत घेतली आणि पहिला हिवाळा सरताच आखूड पल्ल्याचा दांडा मागवला. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, “मामा, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हात फार फिरतो. मला वाट कमी करायचीय.” त्याने सहज वापरलेला ‘वाट’ हा शब्द माझ्या मनात रुतून बसला.

ही वाट कमी होते ती तरफेच्या नियमाने. गिअरचा दांडा ही एक साधी तरफ आहे; त्याच्या अंगावरील गोळा हा टेकू, वरची मूठ ही बल लावण्याची जागा, आणि खालचे टोक पेटीतील सरकत्या भागांना हलवणारे. समजा, टेकूच्या वर दांडा २० सेंटिमीटर आहे आणि खाली ५. तर खालचे टोक १ सेंटिमीटर सरकवण्यासाठी मूठ ४ सेंटिमीटर न्यावी लागेल. आता टेकू १ सेंटिमीटर वर उचलला, म्हणजे वर १९ आणि खाली ६ झाले, तर तेवढ्याच कामाला मूठ जेमतेम ३.२ सेंटिमीटर फिरते. हाताची वाट एक पंचमांशाने घटली. आणि त्याच क्षणी हाताला लागणारे बळ सुमारे सव्वापट झाले. निसर्गाच्या दप्तरात या व्यवहाराला माफी नाही. अंतराचा सारा कमी करून घेतला तर तो बळाच्या रूपाने वसूल होतो, आणि एकूण आकारणी एका कवडीनेही उतरत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की पेटीच्या आत जो भाग सरकतो तो पूर्वी जेवढा सरकत होता तेवढाच आजही सरकतो. आखूड झाली ती मुठीची वाट. आतली वाट होती तेवढीच राहिली.

दांडा बदलण्याचे काम अवघड नाही, पण त्याला घाई चालत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मूठ फिरवून काढायची, मधला कन्सोल स्क्रू सोडून उचलायचा, त्याखालचे जाड रबरी आवरण काढायचे, त्याखाली आणखी एक लहान रबरी बूट असतो तो सोडवायचा, आणि मग दहाच्या पान्याने तीन बोल्ट काढले की दांडा सरळ वर उपसून हातात येतो. पेटीच्या उघड्या तोंडावर भाच्याने लगेच स्वच्छ फडके अंथरले, कारण एखादा बोल्ट किंवा खडा आत पडला तर तासाभराच्या कामाला आठवडा लागावा. दांडा बाहेर आला तेव्हा लहान बूट एका बाजूने उभा चिरलेला दिसला. दांड्याच्या बुडाशी जी खोबण तेलाने भरलेली असावयास हवी ती जवळजवळ कोरडी होती. आणि खालच्या टोकावर नायलॉनचा जो वाटीसारखा बुश बसवलेला असतो, तो पिवळा पडून नखाच्या दाबाने मोडत होता. भाच्याने तो तुकडा दिव्याखाली धरला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मामा, निम्मा दोष हाच होता. दांडा लांब वाटत होता, कारण सांधा सैल होता.”

त्या वाक्याने मला माझे स्वतःचे दप्तर उघडावयास लावले. जे नेम मी आरंभी उत्साहाने घेतले आणि पुढे फार लांबलचक म्हणून सोडून दिले, जी पारायणे अर्ध्यावर राहिली, जो जप मोजता मोजता थांबला, त्या सर्वांच्या बाबतीत वाट खरोखर लांब होती काय, की निष्ठेचा बुश झिजला होता आणि आस्थेची खोबण कोरडी पडली होती? सैल सांध्यातून हात कितीही फिरवला तरी त्याचा मोठा भाग पोकळीतच खर्ची पडतो, आणि थकलेला माणूस दोष देतो तो दांड्याच्या लांबीला. जवळची वाट शोधण्यापूर्वी चालत्या वाटेवरचा सांधा तपासावा, हा पहिला धडा मी तेथे घेतला. आम्ही नवा बुश बसवला, खोबणीत तेल भरले, नवा बूट चढवला, आणि त्यानंतरच आखूड दांडा जागेवर उतरवला.

महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमेवरील इंचगिरी संप्रदायात हा प्रश्न एका चरित्राच्या रूपाने उभा राहिलेला दिसतो. उमदीचे भाऊसाहेब महाराज नामाचा आणि ध्यानाचा, म्हणजे मुंगीच्या वाटेचा उपदेश करीत. त्यांचे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६) यांनी विवेकाच्या बळावर थेट स्वरूपाकडे नेणाऱ्या विहंगममार्गाचा पुरस्कार केला. एवढेच ऐकणाऱ्याला वाटावे की शिष्याने गुरूची वाट आखूड केली. परंतु परंपरा पुढे असेही सांगते की गुरूंच्या १९१४ मधील देहावसानानंतर काही वर्षांनी, ध्यानाच्याही पलीकडे जावयाचे या निश्चयाने, सिद्धरामेश्वर विजापुरास परतले आणि सुमारे नऊ महिने त्यांनी कठोर ध्यान केले. पक्ष्याची वाट त्यांच्या वाणीतून प्रकट झाली ती त्यानंतर. झेप घेणाऱ्या पंखांत जे बळ होते ते मुंगीच्या वाटेवरच साठलेले होते. विचाराचा मार्ग ऐकावयास घटकाभर पुरतो, पण त्या घटकेत ‘देह तोच मी’ ही जन्मभराची समजूत हलवावयाची असते, आणि दांडा जितका आखूड तितका तो भार हातावर एकवटून येतो.

म्हणून लांब दांड्याला हीन लेखण्याचे कारण नाही. मूळ दांडा तेवढा लांब असल्यामुळे वृद्धाच्या, अशक्ताच्या, नवशिक्याच्या हातालाही गाडी चालवता येते. ती लांबी ही दुर्बळ हातावरची करुणा आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायात अव्यक्ताचे उपासकही ईश्वरालाच पोहोचतात हे मान्य करून, देहधाऱ्याला त्या वाटेवर क्लेश अधिक होतात असे सांगितले आहे. आणि त्यापुढे जे येते ते मला आता तरफेच्या भाषेत दिसते. चित्त ईश्वरात स्थिर करता येत नसेल तर अभ्यास करावा, अभ्यास साधत नसेल तर ईश्वरासाठी कर्म करावे, तेही होत नसेल तर कर्मफळाचा त्याग करावा : हाताचे बळ पाहून भगवंत टेकू सरकवीत आहेत. आळंदीहून पंढरपूरला मोटारीने काही तासांत पोहोचता येते हे ठाऊक असूनही जो वारकरी आषाढीसाठी पायी चालतो, त्याने अंतराची ही सनद जाणूनबुजून स्वीकारलेली असते. जे एका झेपेत उचलवत नाही ते तो पावलापावलात वाटून घेतो.

मग जवळच्या वाटेने निदान लवकर तरी पोहोचता येते की नाही? याचे उत्तर पेटीच्या अंतर्भागात आहे. एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना दोन फिरते भाग एकमेकांत गुंतावयाचे असतात आणि त्यांच्या गती भिन्न असतात. आमच्या लहानपणी या गती जुळवणे हे चालकाचे कसब होते, एस. टी.चा चालक घाटात गिअर उतरवताना डबल क्लच मारी, म्हणजे क्लच दाबून दांडा न्यूट्रलला आणी, क्लच सोडून इंजिनाला किंचित वेग देई, पुन्हा क्लच दाबी, आणि मग गिअर बिनतक्रार पडे. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारींत सिंक्रोमेशची योजना आली आणि पुढे हे काम पेटीतील कड्यांवर सोपवले गेले. आजच्या पेटीतील कडे आधी शंकूवर घासून गती जुळवू लागते, आणि ती जुळेपर्यंत वाट अडवून धरते. जुळताच दात दातांत सरकतात. हाताचा जोर पूर्वीइतकाच ठेवला तर आखूड दांड्याने या जुळणीला उलट किंचित अधिक अवकाश लागतो, कारण आत पोहोचणारे बळ घटलेले असते. आणि अधीर होऊन दांडा रेटला तर कडे अकाली झिजते. आणखी एक सूक्ष्म गोष्ट येथे आहे. चाकांशी बांधलेली बाजू आपली गती सोडत नाही; गती बदलते ती क्लचने इंजिनापासून मोकळी झालेली बाजू. माणूस ईश्वराशी जुळतो तोही असाच : अहंकाराचा रेटा प्रथम सुटावा लागतो, आणि त्यानंतर अचलाशी मिळते घेणे हे आपल्या बाजूचे काम राहते. त्या कामाला लागणारी मुदत कोणत्याही दांड्याच्या हुकमतीत नाही.

तर मग जवळच्या वाटेचा लाभ कोणता? तो मला दुसऱ्या दिवशी कळला. रस्ता रिकामा होता, दुतर्फा उरलेल्या बर्फाचे पांढरे पट्टे होते. भाचा म्हणाला, “मामा, मी क्लच दाबतो, तुम्ही दुसऱ्यातून तिसऱ्यात टाका.” मी डावा हात दांड्यावर ठेवला आणि सवयीने ढकलू लागलो. “ढकलू नका,” तो म्हणाला, “नुसता दाब धरून ठेवा. पडेल.” मी दाब धरला. पूर्वीच्या लांब दांड्यात जे कधी हाताला लागले नव्हते ते आता तळव्यात स्पष्ट उमटले : आत कोणीतरी क्षणभर अडवून धरले आहे, दोन गती एकमेकींकडे येत आहेत, हातातली थरथर मंदावत आहे. माझे बळ आणि ते अडवणे यांच्यामध्ये आता अंतराची गादी उरली नव्हती. जवळची वाट देते ती एवढी निकटता. आणि ती सोसण्यास, माघार न घेता व रेटाही न लावता दाब धरून राहणारा हात मागते. ज्याला तो हात घडला असेल त्याने पक्ष्याच्या वाटेने जावे. ज्याला घडावयाचा असेल त्याच्यासाठी मुंगीची वाट आहे, आणि तिच्यावरचे प्रत्येक पाऊल तो हात घडवीतच असते.

मग ते अडवणे विरघळले. मी काही अधिक केले नव्हते. दांडा आपण होऊन पुढे सरकला आणि हलकासा आवाज करून तिसरा गिअर पडला.