धरणं आणि बघणं

हातात धरायच्या गिंबलला तीन मोटरी असतात. एक मान हलवून नकार देते, दुसरी होकार देते आणि तिसरी मान कडेला डोलवते. त्या डोलण्याचा अर्थ काय, हे दक्षिणेत राहिलेल्या माणसालाच कळतं. तंत्रज्ञ या तीन अक्षांना पॅन, टिल्ट आणि रोल म्हणतात. आतले संवेदक कल किती झाला हे क्षणोक्षणी मोजतात, आणि मोटरी फोनला तेवढाच उलटा कल देतात. हात थरथरतो, चित्र थरथरत नाही.

स्थिर राहण्याची आपल्याला शिकवलेली प्रतिमा याहून वेगळी आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला वारा नसलेल्या जागच्या दिव्याची उपमा दिली आहे. तिथे वारा नाही म्हणून ज्योत हलत नाही. गिंबलचं घराणं जहाजावरच्या दिव्याचं. हा दिवा एकात एक बसवलेल्या कड्यांमध्ये टांगलेला असतो. जहाज कलतं, कडी फिरतात, दिवा उभाच राहतो. अशा कड्यांचा एक फार जुना उल्लेख दिव्याचा नसून दौतीचा आहे, याचा मला भाषांतरकार म्हणून विशेष आनंद होतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या बायझँटियमच्या फिलोच्या नावावरच्या ग्रंथात अशा अष्टकोनी दौतीचं वर्णन आहे. कुठलीही बाजू वर केली तरी त्या बाजूच्या भोकातून टाक बुडवता यावा, शाई मात्र सांडू नये. ग्रंथाचा हा भाग ग्रीकमध्ये उरला नाही, अरबी भाषांतरात उरला. त्यामुळे दौत फिलोची की अरबी भाषांतरकाराची, असा वादही अभ्यासकांत झाला. शाई न सांडू देणाऱ्या वस्तूच्या बाबतीत मूळ आणि भाषांतर यांतली रेघ पुसट व्हावी, हे मला योग्यच वाटतं.

आता ज्या दोन पिढ्यांबद्दल लिहायचं आहे त्यांच्याकडे येते. डीजेआय या चिनी कंपनीचा ऑस्मो मोबाइल २ हा गिंबल २०१८ साली आला. त्याआधीच्या, २०१६ च्या यंत्राची किंमत २९९ डॉलर होती, याची १२९. पुनर्भरण न करता तो पंधरा तास चालतो असं कंपनी सांगे. स्थैर्य स्वस्त झालं आणि लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यांपासून शाळकरी पोरांपर्यंत पोचलं, ते साधारण याच सुमारास. २०२५ च्या सुरुवातीला त्याच मालिकेत ऑस्मो मोबाइल ७पी आला. तो घडी घालून खिशात मावतो, त्याच्याच दांड्यात तिपाई आहे, आणि फोनच्या पकडीला चुंबकाने चिकटणारा एक छोटा तुकडा त्याच्यासोबत मिळतो. या तुकड्याला स्वतःचा डोळा आहे. तो माणूस ओळखतो आणि फोनला त्याच्याकडे वळवत राहतो. फोनवर कॅमेऱ्याचं कुठलं अ‍ॅप चालू आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

जुन्या यंत्राला माग ठेवता येत नव्हता असं नाही. पण त्यासाठी कंपनीचं अ‍ॅप उघडून पडद्यावर बोटाने एक चौकट काढावी लागे: हा, याच्यामागे जा. नव्यात नुसता उघडा पंजा दाखवला की माग सुरू होतो, पुन्हा दाखवला की थांबतो. आपल्याकडे उघडा तळवा पुढे करणं म्हणजे 'पुरे', नाहीतर 'थांब', आणि मूर्तीच्या हातात असेल तर 'भिऊ नकोस'. 'माझ्यामागे ये' हा अर्थ त्याला आजवर कुठल्याच भारतीय भाषेने दिला नसावा.

बोटाची चौकट गेली, एवढाच फरक. पण माझ्या मते क्रियापद तिथेच बदललं. पहिली पिढी धरते, दुसरी बघते.

धरण्याबद्दल मला फारशी तक्रार नाही. कंपवात झालेल्या माणसाला नातवंडाचं पहिलं पाऊल टिपता येत असेल, तर थरथर हा हाताचा प्रामाणिकपणा आहे वगैरे म्हणणं हे निरोगी हातांचं कवित्व आहे. शिवाय हे धरणं पूर्ण नसतंच. तीन अक्षांचा गिंबल फक्त कलणं सुधारतो. चालताना सगळं शरीर जे वरखाली होतं, ते त्याला आवरत नाही. त्यासाठी गुडघे वाकवून, पाऊल टाचेपासून हळूच टेकवत चालायला माणसालाच शिकावं लागतं. डोक्यावर घागरी घेऊन चालणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवलेलं नसतं. कललं न जाता नुसतं जागेवरून सरकण्याला भौतिकशास्त्राच्या इंग्रजीत 'ट्रान्स्लेशन' म्हणतात. गिंबलला जमत नाही ते नेमकं ट्रान्स्लेशन! धंद्यातल्या मित्रांना मी हे पुन्हा पुन्हा ऐकवते.

बघण्याच्याही बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. खुणांच्या भाषेत शिकवणाऱ्या शिक्षिकेला दोन्ही हात मोकळे लागतात. एकट्याने नाच बसवणाऱ्याला कॅमेरा धरायला कुणी नसतं. अशांसाठी मागे वळत राहणारं यंत्र ही चैन नाही. पण या उदाहरणांत ज्याच्यामागे यंत्र लागतं त्यानेच ते लावलेलं असतं. पंजा त्याचा असतो, आणि पंजाचा अर्थ त्याला ठाऊक असतो. प्रश्न येतो तो यंत्र दुसऱ्याच्या मागे लावताना.

बेळगावकडच्या एका खेड्यात आम्ही जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करत होतो. मला पुढे त्या भाषांतरित करायच्या होत्या. सोबत चित्रीकरणासाठी एक तरुण अभ्यासक होता, आणि त्याच्याकडे अशाच नव्या पिढीचं एक यंत्र होतं. कुठल्या कंपनीचं, हे महत्त्वाचं नाही, कारण त्यात बिघाड काहीच झाला नाही. ऐंशीच्या घरातल्या आजी मराठीत सुरू करून मध्येच कानडीत जात आणि आपण भाषा बदलली हे त्यांच्या गावीही नसे. लेकीची एक ओवी म्हणता म्हणता त्या थांबल्या. ती लेक गेलेली होती, हे आम्हाला आधी कळलं होतं. त्या उठल्या, चुलीकडे गेल्या, आमच्याकडे पाठ करून काहीतरी हलवाहलव करू लागल्या. मी वहीत पाहिलं. त्या मुलानेही मान खाली घातली. तिपाईवरचा फोन मात्र हलकेच त्यांच्यामागे वळला, थोडा थांबला, त्या भिंतीकडे सरकल्या तसा आणखी वळला.

आजींचं लक्ष गेलं. "ह्ये काय माझ्या मागं मागं बघाय लागलंय?"

मुलाने घाईने यंत्र बंद केलं. संध्याकाळी आजींना सगळं चित्रीकरण दाखवलं, कारण दाखवू असा शब्द दिला होता. त्या जागेपाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "ह्यात मी रडतीय. आणि तुम्ही दोघं तर खाली बघत होता."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हिशेब लागत नसल्यासारखा सूर होता. तिथे तीन जणं होती. एकीने पाठ केली, दोघांनी नजर खाली घातली. तिघांनी मिळून, एक शब्दही न बोलता, काहीतरी न बघण्याचं ठरवलं होतं. आणि तरी ते बघितलं गेलं. 'बघितलं गेलं' या प्रयोगात कर्ता लपवता येतो, हे मराठीला फार पूर्वीपासून येतं. 'फोटो छान निघालाय' असं आपण म्हणतो, जणू तो आपला आपण निघतो. काढणाऱ्याने मोठेपणा घेऊ नये म्हणून भाषेने ठेवलेली ती आडवाट असावी. आता तीच अक्षरशः खरी झाली आहे. "ताई, मी नाही घेतलं ते, त्यानेच घेतलं," असं तो मुलगा म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता.

झिगा व्हर्टोव्हच्या १९२९ च्या 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा'मध्ये कॅमेरा तिपाईवर चढून स्वतःच चालतो, चित्रपटगृहातले प्रेक्षक बघून हसतात. त्या गमतीत कॅमेऱ्याला पाय होते. कुणाकडे बघायचं हे अजून माणूसच ठरवत होता.

'अवधान' या शब्दाजवळ मी या निमित्ताने पुन्हा गेले. ज्ञानेश्वर नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला श्रोत्यांकडे एवढंच मागतात, अवधान द्या. ते द्यायचं असतं, म्हणून मागावं लागतं. आणि जे देता येतं ते आवरूनही घेता येतं. पाठ केलेल्या माणसावरून नजर काढून घेणं हे लक्ष नसण्याचं लक्षण नाही. उलट फार बारीक लक्ष असल्याशिवाय ती नेमक्या क्षणी काढता येत नाही. माग ठेवणाऱ्या यंत्रापाशी ही दुसरी अर्धी क्रिया नाही. आकृती चौकटीत ठेवायची, निसटू लागली तर वळायचं, एवढंच त्याला सांगितलेलं असतं. पाठ फिरवणं त्याच्या लेखी निसटणंच.

भाषांतरातही ही दोन क्रियापदं आहेत. लॉरेन्स व्हेनुटी यांनी १९९५ च्या 'द ट्रान्स्लेटर्स इन्व्हिजिबिलिटी'त प्रवाही भाषांतराच्या हव्यासाबद्दल जे मांडलं, ते वर्गात शिकताना मला धरण्याबद्दलचं वाटलं होतं: वाक्याचे धक्के किती झिरपू द्यायचे, आडनिडं वळण किती सरळ करायचं. तो प्रश्न आहेच. पण मजकूर जिथे पाठ करतो, तिथे काय करायचं? आजींची ती ओवी तिसऱ्या ओळीवर तुटलेली आहे. चौथी ओळ काय असणार हे यमकावरून आणि त्या भागातल्या इतर ओव्यांवरून मला जवळजवळ नक्की सांगता येईल. एखादं भाषांतराचं यंत्रही ती मजेत पुरी करून देईल. निसटलेलं चौकटीत आणून ठेवणं हेच त्याचंही काम. मी तीन ओळी इंग्रजीत नेल्या आणि चौथीची जागा मोकळी सोडली. संपादकांनी विचारलं, ओळ गहाळ झाली का? नाही, असं कळवलं.

त्या चाळीसेक सेकंदांबद्दल आमचं अजून एकमत नाही. ओवी का तुटली हे पुढच्या अभ्यासकाला तेवढ्यातच दिसेल, असं मुलाचं म्हणणं आहे, आणि ते सहज खोडून काढता येणारं नाही. माझं म्हणणं एवढंच, की ते आम्हाला दिलेलं नव्हतं. शेवटी आजींनाच विचारलं. त्यांनी ते काढायला सांगितलं नाही, ठेवायलाही सांगितलं नाही. नातवाच्या फोनमध्ये घालून द्या म्हणाल्या. तेवढा तुकडा आता त्याच्याकडेच आहे. आमच्या प्रतीत आजी उठायला लागतात तिथे चित्र संपतं, आणि त्यापुढे भांड्यांचा आवाज थोडा वेळ ऐकू येत राहतो.