पकड

सावकाश बसा. श्वास आपल्या चालीनं येऊ-जाऊ द्या आणि मन महाराष्ट्रातल्या नवापूरला न्या.

फेब्रुवारी २००६. पोल्ट्रीच्या शेडमध्ये कोंबड्यांना मर लागली. भोपाळच्या प्रयोगशाळेनं निदान पक्कं केलं: एच५एन१, बर्ड फ्लू, भारतात पहिल्यांदाच. लाखो पक्षी मारून पुरावे लागले. माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत गेले; कुणालाही लागण निघाली नाही. २०२१ मध्ये रोग तिथे पुन्हा आला.

त्या शेडमध्ये जरा थांबा. अंगभर पोशाख चढवलेला पशुवैद्यक कोंबडीच्या घशात कापसाची काडी फिरवतो आहे. विषाणूचा ताजा आकार कळतो तो अशा काडीवरून. मर लागताच कळवणाऱ्या पोल्ट्रीवाल्याला भरपाई वेळेवर मिळायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं. त्याच्या फोनवर पुढचं सगळं उभं आहे.

आता दोन बोटं जबड्याखाली ठेवा. आजार आला की इथल्या लसिका ग्रंथींत बी पेशी आपल्या प्रतिपिंडांत बारीक बारीक बदल करून पाहतात. ज्यांची विषाणूवर पकड घट्ट, त्या टिकतात. हे काही आठवडे चालतं. प्रतिपिंडाच्या प्रत्येक भुजेच्या टोकाशी सहा छोटे वेटोळे असतात. पकड बहुतेक त्यांचीच. विषाणूचं नेमकं त्या जागचं एखादं अमिनो आम्ल बदललं, की ती सुटू शकते.

फ्लूच्या विषाणूवरच्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाचं डोकं सतत बदलतं, देठ त्या मानानं कमी. त्या देठाकडे लक्ष न्या. २०११ मध्ये शास्त्रज्ञ डेव्हिड बेकर यांच्या गटानं देठाला धरतील अशी छोटी प्रथिनं संगणकावर घडवली. बहुतेक चिकटलीच नाहीत. दोन चिकटली, आणि आणखी थोड्या बदलांनंतर त्यांनी हिमॅग्लुटिनिनचे एच१ आणि एच५ हे दोन्ही प्रकार घट्ट धरले.

पुढे ओमायक्रॉननं कोविडवरच्या एका चांगल्या प्रतिपिंडाला गुंगारा दिला. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेनं ते मोडीत काढलं नाही. त्याची मोजकीच अमिनो आम्लं बदलायची होती, पण शक्यता एकावर सतरा शून्यं इतक्या. संगणकानं त्या चाळल्या आणि हाती ठेवली ३७६ प्रतिपिंडं. गेलेली पकड त्यांतूनच परत आली; २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये ते छापून आलं.

या ३७६ वर मन थोडा वेळ राहू द्या. ती प्रयोगशाळेत तयार करून तपासावीच लागली, कारण पकड खरोखर बसते का, हे एकटा संगणक अजून खात्रीनं सांगू शकत नाही.